दुसऱ्या रांगेचं पहिलं घर

माझा एक विषय राहिला होता. कोणाचं गणित राहतं, कोणाचं इंग्रजी राहतं. माझा सी राहिला. सी ही संगणकाला कामं सांगायची एक भाषा आहे, हे सासरी समजावता समजावता माझे बरेच दिवस गेले. "नुसतं सी? त्याच्या पुढं काही नाही?" असं नवऱ्याने लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं, आणि तो थट्टा करत नव्हता. नाही, म्हटलं, एकच अक्षर आहे, आणि त्या एका अक्षरापायी माझा डिप्लोमा लटकून राहिला आहे.

बाकीचे सगळे विषय मी काढले होते. काठावर नाही, चांगले मार्क घेऊन काढले होते. सीसुद्धा मला येत होता, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. लूप यायचे, फंक्शन यायची, आणि ज्या पॉइंटरच्या नावाने अर्धा वर्ग पळायचा त्याचीही मला भीती नव्हती. पॉइंटर म्हणजे वस्तू नाही, वस्तूचा पत्ता. पत्ता घेऊन जायचं, दार उघडायचं, आत जे ठेवलं असेल ते घ्यायचं. यात घाबरण्यासारखं काय आहे?

अडायचं ते एकाच जागी. पेपरात आकड्यांचा एक तक्ता द्यायचे. तीन रांगा, प्रत्येक रांगेत चार घरं. याला दोन मितींचा अ‍ॅरे म्हणतात. त्या तक्त्याच्या पहिल्या घराचा पत्ता हातात द्यायचे आणि विचारायचे, इथून इतकी घरं पुढे गेलं तर कोणता आकडा सापडेल. किंवा तक्त्याला a नाव देऊन असं लिहायचे: `*(*(a+1)+2)`. दिसायला भयंकर, पण अर्थ साधा. एक रांग ओलांडा, मग त्या रांगेत दोन घरं सरका, आणि दार उघडा. मी ओलांडायचे, सरकायचे, दार उघडायचे, आकडा लिहायचे. आणि तो चुकायचा. हा प्रश्न सुटा येत नाही हीच तर पंचाईत होती. मॅट्रिक्सची बेरीज असो, नावांची यादी असो, तोंडी परीक्षा असो, तो सगळीकडे घुसलेला असायचा, आणि दरवेळी मला थोडक्यासाठी खाली ओढायचा.

खरी चीड कशाची यायची सांगू? मी दरवेळी चुकत नव्हते. काही उत्तरं बरोबर यायची, काही चुकीची, आणि दोन्ही मी सारख्याच भरवशाने लिहिलेली असायची. कॉलेजात एका मास्तरांनी माझी उत्तरं पाहिली आणि म्हणाले, "समजलं नाही तर विचारावं, अंदाजे ठोकू नये." मी अंदाजे ठोकत नव्हते. पण बरोबर आलेलं का बरोबर आलं आणि चुकलेलं का चुकलं, ते मलाही सांगता येईना, मग भांडणार कोणत्या तोंडाने? त्या दिवसापासून मी स्वतःला एक शब्द लावून घेतला. ढ. कोणी म्हटला नव्हता, माझा मीच लावला. बाकी सगळ्यात हुशार आणि एका जागी ढ असं माणूस असू शकतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आणि असू शकतं, असं ठरवून मोकळी झाले.

माझं माहेर पवनीकडचं, सासर शहापूरच्या आतल्या अंगाला. दोन्ही नागपूरच्या पूर्वेला, दोन्हीकडे धान, म्हणजे भाताची शेती. दोन्हीकडे गावाला तलाव, तलावाखाली बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेली शेतं. नवीन काही शिकायचं नव्हतं. इथे सासूबाई रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांच्या टोळीच्या पुढारी. कोणाच्या बांधीत कधी उतरायचं, कोणी कोणाच्या बाजूला वाकायचं, हे त्या ठरवायच्या. मी त्यांना माय म्हणते. कमी बोलणारी बाई आहे, पण जे बोलेल ते बसेल अशा ठिकाणी बोलते.

मी मात्र नुसती शेतावर नव्हते. शहापूरला हायवेच्या कडेला एक तंत्रनिकेतन आहे, तिथे कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये मला तात्पुरतं काम मिळालं होतं. सकाळी मशीन सुरू करायच्या, पंखे पुसायचे, पोरं आली की कोणाचा माऊस चालत नाही, कोणाचा पासवर्ड विसरला ते बघायचं. लॅबमध्ये शिकवायचे ते सर वेगळे. मी मागे उभी राहायची. समोर फळ्यावर जे चाललेलं असायचं त्यातलं बरंचसं मला यायचं, आणि ते येतं हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

एका दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांना ही शेवटची संधी, असं बोर्डाकडून आलं होतं. यानंतर जुना पेपर निघणार नाही. ज्याचा राहिला त्याचा कायमचा राहिला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून लॅबला प्रॅक्टिकल शिकवणारं माणूस लागणार आहे. तुम्ही सगळ्यांना ओळखता, मशीन ओळखता. डिप्लोमा हातात आणा, मी तुमचंच नाव टाकते. नाही आणला तर मला दुसरं कोणी घ्यावं लागेल, आणि मग दोन माणसं ठेवता येणार नाहीत." त्या सरळ बोलल्या, मलाही बरं वाटलं. म्हणजे पास झाले तर वर्गापुढे उभी राहणार, नापास झाले तर मागे उभी राहायचीही जागा जाणार. मी हो म्हणून बाहेर आले.

शिकवणार कोण, तर लॅबचेच सर. वयाने माझ्याहून लहान, नागपूरचे, मला ताई म्हणायचे. दुपारच्या सुटीत ते डबा खायचे आणि मी त्यांच्यासमोर तक्ता काढायची. पोरगा मनाने चांगला होता, फक्त त्याला एकच गोष्ट एकाच तऱ्हेने सांगता यायची, आणि मला समजली नाही की तो तीच गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगायचा.

"ताई, हे रांगा-बिंगा आपल्या डोळ्यांसाठी आहे," ते म्हणाले. "संगणकाच्या आत तक्ता नसतो. आत एकच लांब ओळ असते. एकापुढे एक घर, बस."

"हाव, ते समजलं," मी म्हटलं. आणि खरंच समजलं होतं. एकच ओळ, कुठेही न तुटणारी. मला तर ते ऐकून हायसं वाटलं, कारण माझ्या डोक्यातही ती तशीच होती.

"मग सांगा. पहिल्या घरापासून चार घरं पुढे कोणता आकडा?"

तक्ता समोर होता. वरच्या रांगेत पाच, सात, दोन, नऊ. मधल्या रांगेत चार, आठ, एक, सहा. खालच्या रांगेत तीन, दहा, बारा, अकरा. मी मोजलं आणि म्हटलं, सहा.

त्यांनी मशीनवर टाकून दाखवलं. मशीन म्हणाली, चार.

"परत मोजा."

परत मोजलं. सहा. तिसऱ्यांदा मोजताना मी स्वतःवरच चिडले होते, तरी सहाच. मग त्यांनी खालच्या रांगेतलं विचारलं, ते बरोबर आलं. वरच्या रांगेतलं विचारलं, बरोबर. मधल्या रांगेतलं, पुन्हा चूक. सरांनी डब्याचं झाकण लावलं. "ताई, तुम्ही लक्ष देत नाही आहात," ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, लक्ष देऊन देऊन माझे डोळे दुखायला लागले. तुम्ही मशीनकडे पाहता, फळ्याकडे पाहता, उत्तराकडे पाहता. एकदा माझ्याकडे पहा. मी कशी मोजते ते तर पहा."

त्यांनी डबा बाजूला सारला. मग खुर्ची सरकवून माझ्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, मोजा. मी बोट ठेवलं. पाच, सात, दोन, नऊ. नऊच्या खाली सहा आहे, तिथे बोट उतरवलं, आणि तिथून डावीकडे वळले. सहा, एक, आठ, चार. चारच्या खाली तीन. तिथे उतरले आणि पुन्हा उजवीकडे.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "हे असं काहून फिरलात?"

एरवी पुस्तकी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून आमचं काहून, म्हणजे का, निघालं यावरून समजा, ते किती चक्रावले होते.

"मग कशी फिरू?"

"परत इकडे यायचं ना. डावीकडे. रांग डावीकडूनच सुरू होते."

"आणि मधलं हे सगळं अंतर? ते रिकामं चालून यायचं?"

इतकी वर्षं मला विचारलं असतं की तुझं बोट नऊवरून कुठे जातं, तर मी सांगितलं असतं. पण हा प्रश्न कोणी विचारण्यासारखाच नव्हता. जे सगळ्यांचं डावीकडून सुरू होतं ते माझं उजवीकडून सुरू होत असेल, हे कोणाच्या मनात येणार? मलाही वाटायचं, सगळे असंच मोजतात.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधी मोठी असते आणि बायांची ओळ तिच्या रुंदीला पुरत नाही. म्हणून पट्ट्यापट्ट्याने काम होतं. चिखलात वाकून, मागे मागे सरकत, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एक पट्टा लावायचा. तिकडे पोचलं की बाजूला सरकायचं आणि तिकडूनच पुढचा पट्टा धरून इकडे यायचं. रोपांच्या जुड्या आधीच सगळीकडे फेकून ठेवलेल्या असतात. गुडघाभर चिखल तुडवत पुन्हा पहिल्या धुऱ्यावर जाऊन तिथून सुरू करायचं, असं कोणी करत नाही. कोण करेल? नांगरही असाच फिरतो. मी परकर घालायची तेव्हापासून धान रोवते आहे. पट्टा संपला की तिथूनच वळायचं, हे मला कोणी शिकवलं नाही आणि ते शिकलेलं आहे हेही मला माहीत नव्हतं. वाकलेल्या कमरेसारखं ते अंगात होतं.

आणि म्हणूनच काही उत्तरं बरोबर यायची. वरची रांग मी डावीकडून उजवीकडे जायची, बरोबर. मधली उजवीकडून डावीकडे, चूक. खालची पुन्हा डावीकडून, बरोबर. मी ठोकत नव्हते. मी रोवत होते.

त्या दुपारी मला हसू आलं की रडू, हे नीट आठवत नाही. थोडी रागावले होते एवढं आठवतं. कोणावर, ते सांगता येत नाही.

कारण कळलं म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. झालं नाही. सरांनी सांगितलेला नियम मी पाठ केला: रांग संपली की बोट उचलायचं, डावीकडे आणायचं. सावकाश केलं की नीट जमायचं. पण घाईत, किंवा मन दुसरीकडे असलं की बोट आपलं नऊवरून सहावर. घड्याळ समोर ठेवून सोडवायला बसले की पाचातून दोनदा तरी. परीक्षेत घाई नसते कधी? आणि खरं सांगायचं तर माझं मन त्या नियमाला कबूल नव्हतं. सर म्हणाले होते, आत एकच ओळ असते. मग नऊ झाल्यावर एवढी उडी मारून चारवर जायचं, म्हणजे ओळ तुटली नाही का? माझी फिरणारी वाट तरी कुठे तुटत नव्हती. आतल्या आत मला अजून तीच खरी वाटायची, आणि जी खरी वाटते तीच हात करतो.

एका सकाळी स्वैपाकघरात बसून मी तक्ता मोठ्या इंग्रजी आकड्यांत काढला आणि कात्रीने त्याच्या तीन पट्ट्या कापल्या. आता एकच ओळ करायची. पहिली पट्टी फरशीवर ठेवली. तिच्या शेवटी नऊ. आता नऊच्या शेजारी सहा यायला हवा असेल, तर दुसरी पट्टी फिरवून लावावी लागते. फिरवली, तर सहा उलटा होऊन नऊ झाला. आठ तेवढा बिचारा तसाच राहिला. असं कसं चालेल? पट्टी पुन्हा सरळ केली आणि जशी होती तशी पहिलीच्या पुढे ठेवली. नऊच्या शेजारी चार आला. अगदी लागून. मध्ये चिखल नाही, चालणं नाही, रिकामं परत येणं नाही. तिसरी पट्टी लावली, सहाच्या शेजारी तीन.

सरांचं म्हणणं खरं होतं आणि माझं म्हणणंही खरं होतं. ओळ तुटत नाही. परत कुठे जायचंच नसतं. दुसऱ्या रांगेचं पहिलं घर पहिल्या रांगेच्या शेवटच्या घराला लागूनच आहे. कागद अरुंद पडला म्हणून ते खाली आणि लांब दिसतं. मोडून लिहिलेलं असतं, चालायचं काही नसतं.

सासूबाई चुलीवरचं भांडं उतरवायला आल्या. फरशीवरच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या.

"हे काय करून राहिली वं?"

"अभ्यास करून राहिली, माय."

"कापून?"

"हाव. कापल्यावर समजलं."

त्यांनी पट्ट्यांवरून पाय उचलून टाकला, भांडं उतरवलं, आणि पुन्हा तसाच पाय उचलून बाहेर गेल्या. त्या दिवशी ती ओळ संध्याकाळपर्यंत तिथेच होती, कोणी झाडली नाही.

परीक्षेची तारीख आली ती नेमकी आमच्या रोवणीच्या दिवशी. आमच्याकडे तलावाचं पाणी पाळीने सुटतं. पाणी आलं, चिखल झाला की बांधी थांबत नाही, आणि बायांची टोळी त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी दुसऱ्याच्या बांधीत दिलेली. टोळीच्या पुढारी सासूबाई, त्यांच्याच घरची रोवणी, आणि त्यांचीच सून ओळीत नाही. गावात याचं काय होतं ते मला माहीत होतं. मी दोन दिवस सांगितलंच नाही. मग जेवायला वाढताना सांगून टाकलं.

त्यांनी घास संपवला. "तुहा पेपर सरकते का?"

"नाही सरकत. शेवटचा आहे."

"धानही नाही सरकत." त्यांनी ताटात वरण घेतलं. "पण बाई बदलते. मी पलीकडल्या टोळीतली एक बोलावतो. तू जा."

बोलणं बसेल अशा ठिकाणी बसलं. परवानगी मिळाली म्हणून बरं वाटलं, आणि माझ्या जागी दुसरी इतक्या सहज येऊ शकते, हे ऐकून बरं वाटलं नाही. दोन्ही एकदम वाटलं. नवरा खाली मान घालून जेवत होता. सकाळी त्याने मला मोटारसायकलवर हायवेपर्यंत सोडलं. जाताना आमची बांधी लागली. बाया उतरल्या होत्या, रंगीत लुगड्यांची ओळ वाकलेली, आणि माझ्या जागेवर एक हिरवं लुगडं. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं नाही. मी पाहिलं.

पेपरात तो प्रश्न होता. नसता आला तरच नवल. तक्ता मोठा होता, आकडे वेगळे होते. पहिल्याच मोजणीत बोट रांगेच्या टोकाला जाऊन खाली उतरू लागलं. मी ते उचललं. नियम आठवला नाही, फरशी आठवली. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर सगळा तक्ता एका आडव्या ओळीत लिहून काढला, अक्षर बारीक करून, पान पुरेना तर पान आडवं धरून. घरं शेजारी शेजारी बसली. मग नुसतं मोजत गेले. चाललेही नाही, वळलेही नाही.

परत आले तेव्हा रोवणी संपत आली होती. पिशवी धुऱ्यावर ठेवली, लुगडं खोचलं आणि शेवटच्या पट्ट्यात उतरले. हिरव्या लुगड्याच्या बाईने सरकून जागा दिली. पट्टा संपला तिथून आम्ही सगळ्या वळलो आणि मी कशाचाही विचार न करता वळले. इथे तेच बरोबर होतं.

निकाल लागला, मी सुटले. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण सुटले. मॅडमनी शब्द पाळला. सर नागपूरला दुसरीकडे लागले, जाताना म्हणाले, "ताई, आता मी पोरांचं बोट बघतो." सासूबाईंना सांगितलं, पास झाले, आता शिकवायला उभी राहणार. त्यांनी विचारलं, "उभीच राहायचं? वाकायचं नाही?" नाही म्हटलं. "बरं हाय मंग," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडत राहिल्या. त्या हसल्या होत्या, असं नवरा म्हणतो. माझी त्यांच्याकडे पाठ होती.

आता वर्गासमोर मी असते. नवीन अभ्यासक्रमातही सी आहे, आणि सीमध्ये तो तक्ता आहेच. वर्गातली बरीच पोरं गावाकडची, पण आता रोवणीत उतरणारी थोडी. रोवणीची मशीन आली आहे, आणि आई-बाप शिकणाऱ्या पोराला चिखलात पाठवत नाहीत. मी दर वर्षी हा भाग शिकवते तेव्हा बोटांकडे बघते. सगळी बोटं मुकाट डावीकडे येतात. मला वाटू लागलं होतं की असं चुकणारी मी एकटीच.

मागच्या सत्रात चाचणीचे पेपर तपासत होते. एका मुलीच्या पेपरावर हात थांबला. वरची रांग बरोबर, मधली चूक, खालची बरोबर. मधल्या रांगेत जिथे एक यायला हवा होता तिथे आठ, आठच्या जागी एक. उत्तरांखाली खोडलेलं काही नाही. सगळं भरवशाने लिहिलेलं. मी लाल पेन खाली ठेवला. तुकडीतली मागच्या बाकावरची मुलगी होती, कधी काही न विचारणारी. आंबागडकडची, इथे खोली करून राहते, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये थांबवलं. ती आधीच रडवेली झाली होती. पेपर पुढे ठेवला तर तिने तो उलटा करून टाकला.

"मॅडम, माह्याकडून हे होतच नाही," ती म्हणाली. "मी लई येळा केलं. मी ढच आहो. घरचे म्हणतात या वर्षी नाही निघालं तर वापस ये."

मी तक्ता काढला. "मोज," म्हटलं. "बोट ठेवून मोज. उत्तर नको सांगू."

तिने बोट ठेवलं. पहिल्या रांगेच्या शेवटी गेलं, खाली उतरलं, आणि डावीकडे वळलं.

मी नकळत पुढे वाकले. तिला वाटलं पुन्हा चुकलं, म्हणून तिने बोट काढून घेतलं. मी ते धरून पुन्हा तिथेच ठेवलं.

"घरी धान आहे?"

"हाव."

"रोवायला जातेस?"

"जातो ना. लहानपणापासून." ती माझ्याकडे बघू लागली. "तुमाले कसं समजलं?"

मी ड्रॉवरमधून कात्री काढली आणि तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, काप, तीन पट्ट्या कर. तिने कापल्या. एकीपुढे एक लाव. दुसरी पट्टी लावताना तिने आधी ती फिरवली, आकडे उलटे दिसले, थांबली, पुन्हा सरळ केली. नऊच्या शेजारी चार आला. मी काही सांगितलं नाही. तिने पहिल्या घरावर बोट ठेवलं आणि नऊवरून चारवर नेलं, चारवरून आठवर, आठवरून एकवर, अगदी टोकापर्यंत. मग तेच पुन्हा केलं. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि खिडकीची काच थरथरत होती.

"हे बाजूलेच होतं," ती म्हणाली.

"बाजूलाच होतं."

मग तिने पेपर सरळ केला, लाल खुणा नसलेली मधली उत्तरं वाचली, आणि मान वर न करता विचारलं, "म्हणजे मॅडम, मले समजते?"

इतकी वर्षं ते मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

"तुले समजते," मी म्हटलं.